मुक्काम अंदमान, फोन गोठ्यात

अंदमानहून परत आल्यावर शाळेतल्या बायकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो समुद्राचा नव्हता, जेलचा नव्हता आणि मासळीचाही नव्हता. त्यांनी विचारलं, "मग? म्हैस काय म्हणाली?" म्हणजे बातमी माझ्याआधी इस्लामपुरात पोचली होती. ज्यांच्यापर्यंत ती पोचलेली नाही आणि जे अजून अंदमानला गेलेले नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी भूगोल शिकवते, त्यामुळे सवयीनं मधेमधे माहिती येईल. ती गाळून वाचली तरी चालेल. म्हशीचा भाग मात्र गाळू नका, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

निघण्याआधी

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी आणि माझे यजमान इस्लामपुरात राहतो. आक्का आणि भावजी तिथून जवळच, गावाकडच्या घरात, उसाच्या रानाला लागून. भावजी फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. नोकरीत असताना त्यांची दोन वर्षं पोर्ट ब्लेअरला बदली होती. तिथं बायकोला नेता येत नाही, क्वार्टर मिळत नाही, असं त्यांनी तेव्हा घरी सांगितलं. आणि मिळालं असतं तरी आक्का कुठं जाणार होत्या? घरात सासूबाई, रानात ऊस आणि गोठ्यात दुभतं.

सुट्टीवर आले की भावजी अंगणात खाट टाकून अंदमान सांगायला बसायचे. तिथं पहाटे पाचला लख्ख ऊन पडतं. संध्याकाळी पाचला काळोख. नील नावाच्या बेटावर दगडाचा आपोआप झालेला पूल आहे, समुद्र रोज मागं सरतो, आणि आपण तळावरून चालत त्या पुलाखाली जाऊन उभं राहतो. आजूबाजूची पोरंबाळं तोंड उघडं टाकून ऐकायची. आक्का आत भाकरी थापता थापता एवढंच म्हणायच्या, "लय फेकताय."

हे कित्येक वर्षं चाललं. मग गेल्या आषाढात माझ्या फोनवर सांगलीच्या एका सहल कंपनीची जाहिरात आली, फक्त महिलांसाठी अंदमान. मी आक्कांना गंमत म्हणून दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "धाकटे, माजं नाव घाल. ह्यांनी किती फेकलंय ते एकदा बघूनच येते."

भावजी उदार झाले. "जा की. मी हाय की घरला," म्हणाले. मी दिवाळीच्या सुट्टीला शिल्लक रजा जोडली, नावं घातली, आणि इथंच आमचा पाय घसरला. आमच्याकडे लग्नाची तारीखसुद्धा उसाची तोड आणि म्हशीचं वेत बघून धरतात. आम्ही मात्र शाळेच्या सुट्ट्या बघून तारीख धरली. चंद्री म्हैस गाभण आहे, ती दसऱ्याच्या सुमाराला विणार आणि आम्ही निघू तेव्हा ऐन दुधात असणार, हे घरातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आलं ते ती व्यायल्यावर.

चंद्री कपाळावर पांढरा ठिपका असलेली, दिसायला देखणी आणि स्वभावानं खाष्ट. आक्कांशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरते, म्हणजे दूध वर ओढून धरते आणि शेपटीनं तोंडावर फटका देते. असं पाच-सहा दिवस झालं तर जनावर आटतं, ते वेत, म्हणजे त्या खेपेचं सगळं दूध, वाया जातं. आक्कांनी जायचं रद्द करायचं ठरवलं होतं. भावजींचा त्यावर अपमान झाला. "आख्खी कंपनी संबाळलीया मी. एक म्हस काय घिऊन बसलीस?"

आक्कांनी स्वतःचं एक जुनं लुगडं गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. "हे गुंडाळून बसा. वासानं फसती."

"मी? सुभेदार हाय मी!"

"म्हशीला काय म्हाईत?" आक्का म्हणाल्या आणि बॅग भरायला गेल्या.

पोर्ट ब्लेअर

प्रवास सांगत नाही, कारण विमानात सगळ्या झोपल्या होत्या. (या गावाचं नाव आता सरकारनं बदललं आहे, पण भावजींच्या तोंडी जुनंच आहे, म्हणून इथंही तेच.)

आमची टूर लीडर शबानाताई सांगलीची. तिच्या माहेरी हळदीचं दुकान, त्यामुळे मार्केट यार्डात सौद्याच्या गलबल्यातही ऐकू जाईल असा आवाज. विमानतळावर तिनं एकदा "सांगलीऽऽ" म्हणून हाक मारली, तर आमच्या बायकांबरोबर दुसऱ्या कुठल्या टूरचे दोन मराठी आजोबाही तिच्यामागं चालायला लागले.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही हॉटेलच्या गच्चीवर चहा प्यायला बसलो आणि चहा संपायच्या आत अंधार झाला. घड्याळात पाच वाजून गेले होते, बस. मी सगळ्यांना समजावून सांगितलं की घड्याळ आपलंच, पण आपण इतक्या पूर्वेला आलोय की सूर्य इथं आधी येतो आणि आधी जातो. आक्कांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला गदागदा हलवून उठवलं आणि खिडकीचा पडदा बाजूला केला. बाहेर लख्ख ऊन.

"किती वाजलं?"

"साडेपाच."

"पाच म्हनीत हुतं. आर्धा तास फेकला," आक्का समाधानानं म्हणाल्या.

त्यांचं ते समाधान भावजींच्या फोनपर्यंतच टिकलं. आदल्या संध्याकाळी चंद्रीनं पावशेर दूध दिलं होतं, तेही रेडकानं ढुसण्या देऊन देऊन. आज सकाळी तेवढंही नाही. "लुगडं नेसलासा का?" आक्कांनी विचारलं. पलीकडं भावजी आधी खाकरले. मग हळूच म्हणाले, "नेसलो. आन तुजा आवाज काडून 'बाय माजी' बी म्हनलो. लाथ मारली."

आक्कांचा चेहरा उतरला. ज्या खिडकीतून निळाशार समुद्र दिसत होता, त्या खिडकीकडे पाठ करून त्या बसल्या. "आज आटाय लागली तर सगळं वेत गेलं गं," त्या म्हणाल्या. "मी जाते माघारी." मला खरंच वाईट वाटलं. या बाईनं आजवर सांगली-कोल्हापूरच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं, आणि टाकलं तर म्हैस दावं ओढत होती.

शबानाताई चहाचा कप घेऊन खोलीत आली होती. ती म्हणाली, "काकी, म्हशीला वास मिळालाय. आवाज द्या की फोनवरनं."

आम्ही हसलो. पण दुसरा उपाय नव्हता. भावजींनी फोन स्पीकरवर टाकून गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवला आणि स्वतः चरवी घेऊन बसले. आक्का पलंगावर मांडी घालून, डोळे मिटून म्हणाल्या, "चंद्रे, बाय माजी, सोनं माजं, दूद दी गं." पलीकडून भावजींचा आवाज, "ढिम्म." मग आक्का म्हणाल्या, "आगं हितं लय ग्वाड हाय, समिंदर हाय, नारळाची झाडं हायती." "ढिम्म," भावजी म्हणाले. "शेपटी बी हालवंना."

"सरकी कुठली घातलीसा तिला?"

"ती पत्र्याच्या डब्यातली."

"डब्यातली?" आक्का पलंगावरून उठल्याच. "आवं ती गेल्या सालची! किडकी! मी सांगून आले हुते पोत्यातली घाला, पोत्यातली! ह्या मानसाला एक गोष्ट सांगून कवा कळल तर शप्पत! ऊन पाण्याचा बंब फुटला तवा बी असंच, मी बोंबलत ऱ्हायले आन हे पेपर वाचीत..."

"थांब थांब!" भावजी ओरडले. "न्हाई, थांबू नगंस! बोल! सोडला पान्हा!"

आणि फोनमधून चरवीत धार पडल्याचा आवाज यायला लागला. खोलीतल्या आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो.

मला नंतर उलगडा झाला. भरल्या घरात आक्कांना मन मोकळं करायला एकच जागा होती, ती म्हणजे गोठा. सासूबाई कडक, नवरा फौजेत, घरात सतत माणसांची वर्दळ. सकाळ-संध्याकाळ धार काढताना त्या जे काही मनात असेल ते म्हशीला सांगायच्या. चंद्रीच्या आईनं ते ऐकलं, आजीनंही ऐकलं. भावजींचा पाणउतारा ऐकल्याशिवाय दूध सोडायचं नाही, हे त्या घराण्याच्या अंगवळणीच पडलं होतं. आक्कांना स्वतःला ते माहीत नव्हतं आणि भावजींना तर अजिबातच नव्हतं, कारण ते धारेच्या वेळेला कधी गोठ्यात फिरकलेच नव्हते.

मग आमच्या सहलीला एक शिस्त आली. सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर, म्हणजे आमच्या गावच्या धारेच्या वेळेला, आक्का फोन लावून भावजींना शिव्या घालत, आणि भावजी लुगडं नेसून, फोन कोनाड्यात ठेवून त्या मुकाट्यानं ऐकत. उलट बोलायची सोय नव्हती, कारण पुरुषाचा आवाज निघाला की चंद्री पान्हा चोरायची. एकदा त्यांनी नुसतं "आगं पर" म्हटलं तर म्हशीनं चरवी लवंडली.

हॅवलॉक

हॅवलॉकला बोटीनं जायचं असतं. बोट वरून मोठी आणि झकपक, पण समुद्राला त्याचं काही नाही. अर्ध्या वाटेत आमच्यातल्या निम्म्या बायकांच्या हातात कागदी पिशव्या आल्या. आक्कांनी तेव्हा सांगलीचं भडंग काढलं, लसणीचं, तिखटजाळ. चिमूट चिमूट सगळ्यांना वाटलं. शेजारच्या बाकावर एक दिल्लीकडचं नवं जोडपं होतं, हातभर लाल चुडा घातलेली नवरी पार हिरवी पडली होती. तिला आक्कांनी मूठभर दिलं. तिचं मळमळणं थांबलं का नाही माहीत नाही, पण तोंड भाजल्यानं ते ती विसरली हे नक्की.

समुद्र बघून मी काय लिहू? मी इतकी वर्षं फळ्यावर निळ्या खडूनं तो काढला आहे. तो खडू चुकीचा होता. एका जागी तो कच्च्या मुगासारखा हिरवा, जरा पुढं दुधात नीळ टाकल्यासारखा आणि त्याच्याही पुढं शाईचा. वाळू पांढरी, पायाला गार. आक्का काठावर बराच वेळ उभ्या राहिल्या. आपल्याकडे कृष्णेवर गेलं की बाई आधी पाण्याला हळद-कुंकू वाहते, मग पाय घालते. आक्कांनी कनवटीची पुडी सोडली, हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला, मग नऊवारीचा कासोटा घट्ट करून सरळ कमरेइतक्या पाण्यात गेल्या. तिथं पोहायच्या तोकड्या कपड्यांतल्या परदेशी बायका होत्या. त्या आक्कांकडे बघत होत्या आणि आक्का त्यांच्याकडे. कुणाला कोण जास्त नवलाचं वाटलं सांगता येत नाही. लाट आली की आक्का लहान पोरीसारख्या ओरडायच्या. मी त्यांना असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

आणि हेच आमच्या अंगाशी आलं. आक्का आनंदात होत्या.

हॅवलॉकला फोनची रेंज सगळीकडं मिळत नव्हती. किनाऱ्यावर एका शहाळंवाल्याच्या टपरीमागं, वाकड्या बदामाच्या झाडाखाली उभं राहिलं की मिळायची. संध्याकाळी सगळी टूर त्या झाडाखाली जमली, कारण एव्हाना बायकांना या फोनची चटक लागली होती. आक्कांनी सुरुवात केली, "किती येड्यावानी वागताय..." पण त्यांच्या आवाजात हसू होतं. चंद्रीला ते बरोबर कळलं. दूध नाही. आक्कांनी पुन्हा बंब फुटल्याचं काढलं. दूध नाही. ते आता जुनं झालं होतं.

"काकी, मी सांगू का माझ्या नवऱ्याचं?" मागून सांगलीच्या विश्रामबागेतली एक बाई पुढं आली. तिनं फोन घेऊन आपल्या नवऱ्याचं घोरणं सविस्तर सांगितलं. मग तासगावची एक बाई आली, तिच्या नवऱ्यानं लग्नाचा वाढदिवस विसरून भिशीला जेवायला जायचा पराक्रम केला होता. मग आणखी एक. रांगच लागली. शेवटी पलीकडून भावजींचा रडकुंडीला आलेला आवाज आला, "आवं बायांनू, कुनाकुनाचं नवरं मी ऐकून घिऊ? म्हशीनं मला दावनीला दाबलाय!"

सगळ्या हसल्या. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी फोन परत घेतला. झाडाच्या बुंध्याला पाठ लावून समुद्राकडे बघत त्या जे बोलल्या ते ओरडून नाही, अगदी सावकाश.

"तुमी दोन वर्सं हितं ऱ्हायला. हे असलं पानी रोज बघितलं. सुट्टीला येऊन खाटंवर बसून पोरास्नी सांगितलं, गावाला सांगितलं. मी आत भाकरी करीत ऐकायची. कवा एकदा तरी 'चल' म्हनलासा का? खरं न्हाई, खोटं तरी म्हनायचं. 'सुटली असतीस तर न्हेली असती' असं तरी. तेवडंबी न्हाई."

झाडाखाली कुणी हललं नाही. मी शहाळंवाल्याच्या सुऱ्याकडे बघत राहिले. मग फोनमधून धारेचा आवाज आला, संथ, भरदार, आणि चरवी भरेपर्यंत येत राहिला.

शेवटी आक्का म्हणाल्या, "उद्या नीलला जायचंय. शबाना म्हनती तितं रेंज आजाबात न्हाई. दोन दिस. म्हस आटंल. मी हितनंच माघारी येते." शबानाताईनं तिकिटाची चौकशी करून ठेवलीच होती. नील तेवढं राहून गेलं असतं.

आता धार झाली होती, भावजींना बोलायला हरकत नव्हती. "यायचं न्हाई," ते म्हणाले. "नीलला जायचं. तो दगडाचा पूल बघायचा. मला लबाड म्हनतीस आयुष्यभर, आता बघितल्याबिगर घरात पाऊल टाकायचं न्हाई."

"आन चंद्री?"

"ते माजं मी बघतो."

आक्कांनी फोन बंद केला. त्यांचा अजिबात विश्वास नव्हता हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

नील

नील लहानसं बेट आहे आणि मला ते सगळ्यात आवडलं, कारण तिथं शेती आहे. भात, केळी, वांगी, सुपारी. पूर्वी बंगालकडून येऊन वसलेली माणसं तिथं आहेत. आक्का रस्त्यानं चालताना समुद्र सोडून वांगीच बघत होत्या. "रोप लय दाट लावल्यात," असा त्यांनी शेरा दिला.

आमची राहायची जागा मिनोतीदी नावाच्या बाईची. आक्कांच्याच वयाची, हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या आणि भांगात हे एवढं लांब कुंकू. तिनं दुपारी नारळाच्या दुधातली मासळी वाढली. आमच्याकडची तिखटाची सवय बघता ती जरा गोड वाटली, तेव्हा आक्कांनी वरून चटणी घातली. मिनोतीदीनं तीच चटणी चाखून बघितली आणि बराच वेळ पाणी पीत बसली.

संध्याकाळ झाली तशा आक्का बेचैन झाल्या. फोन हातात घेऊन अंगणभर फिरल्या, पायरीवर चढून, मग विहिरीच्या कठड्यावर उभं राहून बघितलं. एक रेघसुद्धा नाही. तेवढ्यात मागच्या परड्यात गाय हंबरली. मिनोतीदी बादली घेऊन निघाली होती. आक्का तिच्यामागून गेल्या, हातानंच विचारलं, आणि तिनं हसून जागा दिली.

परकी गाय, परका मुलूख. पण आक्का उकिडव्या बसल्या, कासेला पाणी मारलं आणि सवयीनं तोंड सुरू झालं. "काय सांगू बाय तुला, तिकडं लुगडं नेसून बसलं आसंल, न्हाईतर बसलं बी नसंल..." गायीला मराठी येत नव्हतं, तरी तिनं दूध दिलं. ती मुळातच गरीब असावी. मिनोतीदी ऐकत होती. आक्कांच्या बोलण्यातला विषय तिला बरोबर कळला, कारण तिनं घराकडं बोट दाखवलं. तिथं तिचा नवरा आरामखुर्चीत रेडिओ कानाला लावून पडला होता. "मेरा भी," ती म्हणाली. "सारा दिन एइसा." आणि मग त्या दोघी, एक बंगालीत आणि एक आमच्या वाळवा तालुक्याच्या मराठीत, दूध काढून झालं तरी तिथंच बसून बोलत राहिल्या. निघताना आक्कांनी तिला घरच्या हळदीची पुडी दिली. तिनं ती डोक्याला लावली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळेला आम्ही पूल बघायला गेलो. तिथली बंगाली माणसं त्याला कलकत्त्याच्या पुलाचं नाव घेऊन हावडा ब्रिज म्हणतात. समुद्र खरंच मागं सरला होता. जिथं सकाळी पाणी होतं तिथं आता खडक, मेलेल्या पोवळ्यांचे खडबडीत दगड आणि मधेमधे पाण्याची डबकी उरली होती. मी मुलींना भरती-ओहोटी शिकवते, चंद्राचं चित्र काढून. इथं त्या ओहोटीवर चालायची वेळ आली तेव्हा पहिल्या शेवाळी दगडावरच माझा पाय घसरला आणि मी एका डबक्यात सपशेल बसले. डबक्यात काळीशी, लांबट, भोपळ्याच्या वाळक्या तुकड्यासारखी काहीतरी वस्तू होती. वाटाड्या म्हणाला, ही समुद्रकाकडी आहे, जिवंत आहे. मी किती चटकन उठले ते तासगावच्या बाईनं फोनवर टिपून ठेवलं आहे.

आक्का न घसरता पुढं गेल्या. आयुष्यभर बांधावरून डोक्यावर भारा घेऊन चाललेल्या बाईला शेवाळ काय करणार? त्या थेट दगडाच्या कमानीखाली जाऊन उभ्या राहिल्या. वर भलामोठा खडक, त्यावर झाडं, आणि खालून पलीकडचा समुद्र दिसत होता. मी निथळत त्यांच्याजवळ पोचले.

"खरं हाय गं," त्या म्हणाल्या. "आगदी सांगितलंवतं तसंच."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि लगेच राग. "मी म्हनायची, फेकत्यात. फेकत्यात म्हनलं की बरं वाटायचं गं. आपलं काय गेलं न्हाई असं वाटायचं. आता हे खरं निगालं." त्यांनी त्या दगडावर हाताचा तळवा ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि पदरानं डोळे पुसले. शबानाताई लांबून "पाणी चढायलंय, चला काकीऽऽ" म्हणून ओरडत होती, आणि ती ओरडली की समुद्रसुद्धा थांबेल असं वाटायचं, म्हणून आम्ही निघालो.

परत

पोर्ट ब्लेअरला बोट लागली तसा आक्कांचा फोन जागा झाला. त्यांनी बंदरातच, बॅगा खाली न ठेवता भावजींना लावला.

"चंद्री?"

"देती दूद."

"किती?"

"रोजच्यावानी."

"आवं पर कसं? काय केलंसा?"

"काय न्हाई. यी तू." आणि भावजींनी फोन ठेवला. आक्का मला म्हणाल्या, "आता मातूर नक्की फेकत्यात. आटली आसंल. सांगायचं धाडस न्हाई." विमानात आणि पुढच्या सगळ्या प्रवासात त्यांनी हाच घोर लावून घेतला. मिनोतीदीनं दिलेली सुपारी त्या हातात फिरवत राहिल्या. आणलेले शंख कुणाला द्यायचे हेही त्यांनी ठरवलं नाही.

माझे यजमान पुण्याला गाडी घेऊन आले होते. गावात शिरलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. म्हणजे धारेची वेळ. आक्कांनी गाडी लांबच, उसाच्या कडेला थांबवायला लावली. "आवाज नगं. आदी गोट्यात बघून येते," म्हणाल्या. मी त्यांच्यामागून गेले.

गोठ्यात दिवा लागलेला होता. दाराच्या फटीतून दिसलं ते असं. चंद्रीच्या कुशीला डोकं टेकून भावजी बसले होते. अंगाभोवती आक्कांचं लुगडं, डोक्यावरून पदर, पदराखालून मिशा. हातात धार चालू होती, अगदी लयीत. आणि ते बोलत होते. आवाज बारीक काढलेला होता, पण चाल हुबेहूब आक्कांची.

"...ह्या मानसाला एक गोष्ट सांगून कवा कळल तर शप्पत. बंब फुटला तवा पेपर वाचीत बसलं. डब्यातली किडकी सरकी घातली..."

माझ्या पोटात हसू मावेना. मी तोंडात पदर कोंबला. आक्कांचेही खांदे हलत होते. दोन दिवस फोन नव्हता तेव्हा आक्कांचीच सगळी गाऱ्हाणी भावजींनी पाठ म्हणून दाखवली होती, आणि चंद्रीला ती पटली होती.

मग ती पाठ केलेली गाऱ्हाणी संपली. भावजी जरा थांबले. धार बारीक झाली. चंद्रीनं मान वळवून मागं बघितलं, पुढचं सांग म्हणाल्यासारखं. भावजींनी घसा खाकरला, आणि आता त्यांचा आवाज बारीक राहिला नाही, त्यांचा स्वतःचाच झाला.

"आन आजून एक सांगतो, चंद्रे. हे तिला म्हाईत न्हाई. कॉटर मिळालंवतं. दोन खोल्यांचं. पुडं समिंदर दिसायचा. साहेब म्हनलं, सुर्वसे, फॅमिलीला आना. मी म्हनलो, तिला घरचं सोडून येता यायचं न्हाई. इच्यारलं न्हाई मी तिला. आईला कोन बघनार, जनावरास्नी कोन बघनार, माजं मीच ठरीवलं आन कॉटर परत केलं. आन घरी सांगितलं, मिळत न्हाई."

धार पुन्हा मोठी झाली. चंद्री डोळे अर्धवट मिटून रवंथ करत होती.

मी आक्कांकडे बघितलं. त्या हलत नव्हत्या. हसू कुठल्या कुठं गेलं होतं. मला वाटलं, आता या दार ढकलून आत जाणार, आणि मग जे होईल ते होईल. मीच न राहवून म्हणायला गेले, "आक्का..."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. आणि माझ्या कानाला लागून, ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "बोलू नगंस. मी आल्याचं म्हशीला कळालं, तर ती हंबरंल, आन हे गप बसत्याल."